दहाव्या दिवसाचं काय करायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३७, राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी. घर डोंबिवलीत, शाखा दादरला. घरी नवरा, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. पहाटे साडेपाचला उठून नाश्ता, डबे, आंघोळ. साडेसातला घराबाहेर, परत यायला रात्रीचे आठ. मग स्वयंपाक, जेवणं, ओटा, मुलाचं दप्तर. दहाला मोकळं व्हायचं, अकराला झोपायचं. दर दोन-तीन महिन्यांनी या ताई नवं वेळापत्रक आखतात: साडेचारला उठायचं, ४० मिनिटं व्यायाम, १५ मिनिटं ध्यान, दीड तास सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचा अभ्यास, ४५ मिनिटं मुलाचा अभ्यास, झोपताना १० मिनिटं रोजनिशी. आठ-नऊ दिवस छान जातात. मग मुलाला ताप येतो, पाहुणे येतात किंवा तिमाहीचं क्लोजिंग येतं, आणि ये रे माझ्या मागल्या. फोनमध्ये तीन ॲप आहेत, कपाटात दोन अर्धवट डायऱ्या. "२१ दिवस नेटाने केलं की सवय लागते म्हणतात. मी एकविसापर्यंत पोचतच नाही. नवरा मदत करतो, त्याबद्दल तक्रार नाही. शिस्त माझ्यातच कमी आहे का? वेळेचं नियोजन अंगवळणी पडायला काय करू?" खाली सही: आरंभशूर.

ताई, आधी सही बदला. आरंभशूर माणूस सुरुवात करतो आणि त्याचा उत्साह मावळतो. तुमचा उत्साह तर दर तीन महिन्यांनी पुन्हा उभा राहतो. मोडतं ते वेळापत्रक, आणि दरवेळी एकाच कारणाने मोडतं. ते शोधायला मनाचा तळ गाठायला नको, बेरीज पुरे. बँकेतल्या माणसाला बेरीज दाखवताना संकोच वाटतो, तरी दाखवते.

अकरा ते साडेपाच ही झोप साडेसहा तास. सकाळचं स्वयंपाकघर आणि आवराआवर दोन तास. घराबाहेर साडेबारा. रात्री आठ ते दहा पुन्हा दोन. झाले तेवीस. उरला एक तास, तोही रात्री दहाचा, पाय दुखत असतानाचा. साडेचारला उठलात तर आणखी एक. एकूण दोन तास. आता या दोन तासांत काय बसवायचं ठरवलं होतं? ४०, १५, ९०, ४५ आणि १०, म्हणजे २०० मिनिटं, तीन तास वीस मिनिटं. वेळापत्रक एकही मिनिट न चुकता पाळलं असतं तरी रोज ८० मिनिटांची तूट पडली असती. तुमच्या शाखेत असा ताळेबंद कुणी पुढे केला असता तर तुम्ही सही केली असती का?

नऊ दिवस तो चालला कसा, हा खरा प्रश्न. चालला तो उधारीवर. झोपेतून थोडं, जेवणाच्या वेळेतून थोडं, रविवारच्या दुपारीतून थोडं. मुलाचा ताप हे वेळापत्रक मोडण्याचं कारण नव्हे. त्या दिवशी फक्त उधारीची वसुली झाली.

ही तूट भरून काढायच्या तीन जागा आहेत: झोप, इच्छा आणि घरकाम. तुम्ही दरवेळी पहिली निवडता, कारण तिच्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. पण प्रौढ माणसाने रात्री किमान सात तास झोपावं, अशी शिफारस अमेरिकेतल्या झोपेचा अभ्यास करणाऱ्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ मध्ये मिळून केली आहे. तुमची झोप आत्ताच अर्धा तास कमी आहे. साडेचारचा गजर लावलात की ती साडेपाच तासांवर येते, आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी वाचलेलं पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावं लागतं. त्यामुळे रात्रीच्या त्या एका तासातला दुसरा अर्धा तास माझ्या मते झोपेला द्यावा. साडेदहाला दिवा बंद. ऐकायला उलटं वाटेल, पण कुणी पहाटे चारची फुशारकी मारली तर ती व्यक्ती झोपते किती वाजता आणि तिचा डबा कोण करतं, एवढं जरूर विचारा.

दुसरी जागा इच्छांची. पाच नव्या गोष्टी एका दिवशी सुरू केल्या की त्या पाचही एकमेकींचा वेळ खातात. पुढच्या तीन महिन्यांसाठी एकच धरा. पत्राच्या सुरावरून ती परीक्षा दिसते. बाकीच्यांचं काय? ध्यान सध्या सोडा. रोजनिशीच्या जागी काय करायचं ते पुढे सांगते. मुलाचा अभ्यास ४५ मिनिटं समोर बसूनच व्हायला हवा असं नाही. पाचवीतल्या मुलाचे पाढे आणि स्पेलिंग तुम्ही पोळ्या लाटताना ओट्याजवळ होतात, आणि गणित बाबांनी घ्यायला हरकत नाही. व्यायामाचं म्हणाल, तर घर स्टेशनपासून दीड किलोमीटरच्या आत असेल तर जाता-येता चाला. एका वेळचं अंतर पंधरा ते वीस मिनिटांचं. संध्याकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत तेवढी मिनिटं उभ्या उभ्या जातातच. तुमच्या ४० मिनिटांच्या व्यायामापैकी तीस-पस्तीस मिनिटं वेगळा वेळ न काढता भरून आली.

तिसरी जागा नाजूक आहे. "नवरा मदत करतो" हे वाक्य तुम्ही एका दमात लिहून पुढे गेलात. तिथेच जरा थांबू. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली विनामोबदला कामं करणाऱ्या बायकांचा त्या कामात जाणारा वेळ रोज सरासरी २९९ मिनिटं होता, पुरुषांचा ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, पण तिपटीचं अंतर तसंच राहिलं. वेळेच्या नियोजनावरचे बहुतेक सल्ले दिवस आपल्या एकट्याच्या मालकीचा आहे असं धरून चालतात. तुमचे सकाळचे दोन आणि रात्रीचे दोन तास हे चार माणसांच्या घराचे तास आहेत. त्यांचं नियोजन तुम्ही एकटीने डायरीत करून भागणार नाही.

आणि मदत म्हणजे काय? मदतीत काम तुमचंच राहतं. भाजी आहे का बघणं, काय करायचं ठरवणं, सांगणं, आठवण करणं सगळं तुमच्या डोक्यात, दुसऱ्याचे फक्त हात. त्यात मिनिटं वाचतात, डोकं मोकळं होत नाही. म्हणून सोपवायचं ते काम पूर्ण सोपवा. उदाहरणार्थ मंगळवार आणि गुरुवारचा रात्रीचा स्वयंपाक: काय करायचं ते ठरवण्यापासून भाजी आणणं, करणं आणि ओटा पुसण्यापर्यंत. ते घरी किती वाजता येतात हे पत्रात नाही. तुमच्याहून उशिरा येत असतील तर त्या दोन दिवसांचे सकाळचे डबे त्यांचे. मुलाचं दप्तर, वही-पेन आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सूचना हेही एक पूर्ण काम आहे, तेही जाऊ द्या. बोलणी शनिवारी दुपारी करा, रात्री दहाला थकून नव्हे, आणि सांगताना 'तू काहीच करत नाहीस' असं न म्हणता वरचा तेवीस तासांचा हिशेब कागदावर पुढे ठेवा. सासूबाईंना कोणती कामं बसून करायला आवडतात ते त्यांनाच विचारा. लसूण सोलणं, भाजी निवडणं त्या आधीच करत असतील, तर आणखी काही लादू नका.

यात बिघडतं ते दुसऱ्या आठवड्यात. आमटीत मीठ कमी पडतं, वही घरी राहते, आणि "राहू दे, मीच करते" हे चार शब्द तोंडून निघतात. ते चार शब्द म्हणजे दर आठवड्याचे दोन-अडीच तास. वही राहिली तर शाळेत एक शेरा मिळेल. मिळू दे.

आता सवयीबद्दल. २१ दिवसांचं खूळ कुठून आलं ते आधी बघू. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान २१ दिवस लागतात असं दिसतं. त्यातला 'किमान' वाटेत गळून पडला आणि नाकाचा आकडा सगळ्या सवयींना चिकटला. सवयीवर प्रत्यक्ष मोजमाप केलं ते फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, ९६ जणांवर. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायचा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि पसारा १८ पासून २५४ पर्यंतचा. जेवताना पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर रुजल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. तुमच्या उपयोगाचं निरीक्षण वेगळंच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

आपल्याकडे हे स्वयंपाकघरात नेहमीच माहीत होतं. कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात ना? दोन दिवस दूध घेतलं नाही तर त्या चौकटीत फुली पडते, महिनाअखेरीला पैसे वजा होतात आणि तिसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा दाराशी. खाडा झाला म्हणून कुणी दुधाचा रतीब कायमचा बंद करत नाही, किंवा येत्या एक तारखेपासून नव्याने सुरू करू असंही म्हणत नाही. तुम्ही मात्र वेळापत्रकाच्या पहिल्या खाड्यालाच रतीब तोडता.

त्यातही एक गफलत आहे. तुम्ही सवय लावायला निघालात ती वेळापत्रक पाळण्याची. तिमाहीअखेर, सण, आजारपण, मेगाब्लॉक असलेल्या आयुष्यात ही सवय लागू शकत नाही, कारण रोज पाळायची गोष्ट रोज सारखी नाही. सवय लावायची ती रोज एकदा उद्याच्या दिवसाकडे बघण्याची. सात मिनिटांची. आखलेलं उद्या पार पडो न पडो, बघणं झालं की त्या दिवसाची सवय पाळली गेली. पहिले दोन महिने फक्त हेच मोजा.

ही सात मिनिटं कधी? 'रात्री सव्वादहाला' असं ठरवू नका. सव्वादहा कधी वाजून जातात ते कळत नाही. ती आधीपासून न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. 'अमुक झालं की तमुक करेन' अशा बांधणीवर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी बरंच काम केलं आहे, आणि नुसत्या संकल्पापेक्षा ही बांधणी जास्त टिकते असं त्यात वारंवार दिसलं आहे. मात्र खुंटी निवडताना चूक होते. लोकलमध्ये चढल्यावर बघेन, असं बरेच जण ठरवतात. रविवारी लोकल नसते, सोमवारी गर्दीत हात वर निघत नाही, आणि सवय लंगडते. खुंटी आठवड्याचे सातही दिवस हजर असायला हवी. तुमच्या घरात अशी एक आहे: ओटा पुसून झाला की. मंगळवार-गुरुवारी तो दुसऱ्याने पुसला तरी चालेल, दिव्याचं बटण बंद करण्याआधी वही उघडा.

वही म्हणजे साधी खिशातली छोटी वही, स्वयंपाकघरातच ठेवायची. ॲप नको. ॲप वाईट म्हणून नव्हे, पण ते उघडायला फोन हातात घ्यावा लागतो आणि सात मिनिटांची चाळीस तिथेच होतात. तिन्ही ॲप काढून टाका. बैठकांची किंवा हप्त्याची आठवण फोनचं कॅलेंडर देतं, तेवढं पुष्कळ.

एका पानावर तीन गोष्टी लिहायच्या. पहिली, उद्याचे बांधलेले तास: नेहमीपेक्षा वेगळं जे असेल तेच. ऑडिट आहे, पालकसभा आहे, गॅसचा माणूस येणार आहे. दुसरी, उद्याचं एकच काम, जे झालं तर दिवस वाया गेला असं वाटणार नाही. ते असं लिहा की ते संपलं हे तिऱ्हाइतालाही कळेल. 'अभ्यास' हे काम नव्हे. 'जोखीम व्यवस्थापन, आठ पानं' किंवा 'वीस प्रश्न सोडवून तपासणे' हे काम. तिसरी, आणि ही ओळ कुणी लिहीत नाही, उद्या काय करायचं नाही. कपाट आवरायचं नाही. अमुक आत्याला फोन रविवारी. न करायचं लिहून ठेवलं की दिवसभर ते डोक्यात टोचत राहत नाही.

मिनिटांचा अंदाज दीडपट करून लिहा. हा माणसाचा स्वभावदोष आहे, तुमचा एकटीचा नाही. १९९४ मध्ये छापून आलेल्या एका कॅनडातल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवस होता, लागले ५५. गंमत म्हणजे आपण नेहमी उशीर करतो हे माहीत असूनही माणूस पुढचा अंदाज सर्व काही सुरळीत होईल असं धरूनच करतो. तुमच्या वेळापत्रकातल्या ४० मिनिटांच्या व्यायामात बूट शोधणं, जिना उतरणं, घाम पुसणं यांची मिनिटं कुठे होती?

शिवाय मोकळ्या वेळातला सगळा वेळ भरू नका. तासभर मोकळा असेल तर पस्तीस मिनिटांचंच काम लिहा. दूध उतू जाणं, दाराची बेल, "आई, उद्या चार्ट पेपर न्यायचाय" हे उरलेल्या पंचवीसात मावतं. रस्ता मोकळा ठेवला तरच गाडी पुढे सरकते, हे कल्याणच्या पत्रीपुलावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मग अभ्यासाला वेळ उरतो कुठे? सीएआयआयबीचे पाच पेपर, चार सक्तीचे आणि एक ऐच्छिक, रात्रीच्या अर्ध्या तासावर निघणार नाहीत हे खरं. मंगळवार-गुरुवारच्या मोकळ्या झालेल्या संध्याकाळी प्रत्येकी पन्नास मिनिटं धरा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. त्या सकाळी दीड-दीड तासाच्या दोन बैठका, मध्ये अर्धा तास सुट्टी, आणि शक्य तर घराबाहेर, एखाद्या अभ्यासिकेत. घरात बसलात तर तुम्ही 'घरीच' असता. महिन्याचे हे साधारण बारा-तेरा तास झाले. लोकल मी मुद्दाम धरलेली नाही. जाताना उभ्याने वाचन होत नाही. येताना ठाण्याला उतरणारीची सीट पदरात पडली तर प्रश्न सोडवा, नाहीतर डोळे मिटून उभ्या राहा. जे मिळेल ते वरकड उत्पन्न समजा, त्यावर हप्ता बांधू नका.

बारा-तेरा तासांत पाच पेपर एका सत्रात झेपतील का, हे तुम्हीच पुस्तकाची पानं मोजून ठरवा. एका पानाला किती मिनिटं लागतात ते दोन बैठकांत कळतं. गुणाकार करा, पुन्हा दीडपट करा. परीक्षेच्या तारखेपर्यंतचे तास कमी पडत असतील तर ते आजच कळलेलं बरं. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. एक सत्र पुढे ढकलणं म्हणजे शिस्त हरणं नव्हे, तो सरळ व्यवहार आहे.

वरचा सगळा हिशेब तुमच्या पत्रावरून केला आहे आणि पत्रात माणूस आपला दिवस गोळाबेरजेने लिहितो. म्हणून सुरुवातीला एक आठवडा काहीही न बदलता नुसती नोंद ठेवा. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे, दिवसातून तीनदा लिहायचे: सकाळी गाडीतून उतरल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, रात्री ओट्यापाशी. सगळं रात्री एकदम लिहिलं तर आठवण चांगली चांगलीच उत्तरं देते. 'काम' असं लिहू नका, 'फोनवर रील' लिहायची वेळ आली तर तेच लिहा, कुणी तपासणार नाही. नोंद ठेवू लागलं की त्या आठवड्यात वागणं आपोआप सुधारतं, तो मोह आवरा. या आठवड्यात वेळ कुठून गळतो एवढंच बघायचं आहे. बहुतेकांना दोन गळत्या सापडतात: एक फोनची, ती अपेक्षितच असते, आणि दुसरी अनपेक्षित. रोज सकाळी किल्ल्या, पास, रुमाल शोधण्यात जाणारी दहा मिनिटं, किंवा एकाच आठवड्यात किराणा दुकानाच्या चार फेऱ्या.

खाड्यांचा नियम साधा ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या फुल्यांशेजारी, वही उघडली त्या दिवशी एक टिंब. नाही उघडली तर चौकट कोरी. कोऱ्या चौकटीचा हिशेब द्यायचा नाही, भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी चौदा मिनिटंही बसायचं नाही. भरपाईची बैठक हीच तिसरा खाडा पडायचं मोठं कारण असते. फक्त सलग दोन चौकटी कोऱ्या दिसल्या तर तिसऱ्या रात्री वही उघडून एकच ओळ लिहायची आणि बंद करायची. अर्ध्या मिनिटाचं काम, पण टिंब पूर्ण.

तुमचे वाईट दिवस तर आधीच माहीत आहेत, हे बँकेतल्या नोकरीचं सुख. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या चार महिन्यांचे शेवटचे पाच दिवस आजच कॅलेंडरवर पेन्सिलीने अधोरेखित करा. तसेच गणपतीचे आणि दिवाळीचे दिवस, आणि मुलाच्या सहामाही-वार्षिक परीक्षेचे. त्या दिवसांत अभ्यास शून्य, वहीत एक ओळ. ठरवून केलेली सुट्टी आणि मोडलेलं वेळापत्रक यांत दिसायला फरक नसतो, पण सुट्टी संपते तेव्हा माणूस कामावर परत जातो.

रविवारी दुपारी वीस मिनिटं काढून आठवड्याची सात पानं चाळा. एकच गोष्ट शोधायची: जे काम तीन रात्री लिहिलं आणि तीनही दिवस झालं नाही. ते काम फार मोठं असेल, तुमचं नसेल, किंवा तुम्हाला करायचंच नसेल. मोठं असेल तर तुकडा पाडा, तुमचं नसेल तर ज्याचं त्याला द्या, करायचं नसेल तर खोडा. चौथ्या रात्री तसंच लिहायचं नाही.

तुमच्यासारखी पत्रं इतरांचीही असतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. पाळीत काम करणाऱ्या परिचारिका, पोलीस, कारखान्यातले कामगार यांनी घड्याळाची वेळ विसरावी. त्यांची खुंटी 'उठल्यावरचा पहिला चहा', मग तो सकाळी सहाला असो की दुपारी तीनला. आणि पाळी बदलते तो दिवस हक्काचा खाडा धरावा. घरी राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचं आणि नुकत्याच निवृत्त झालेल्यांचं दुखणं उलटं असतं. त्यांच्याकडे वेळ ढीगभर, आणि ब्रिटिश लेखक पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहून ठेवलं तसं, काम हाताशी असेल तेवढ्या वेळात पसरत जातं. त्यांनी मोकळा वेळ शोधू नये, उलट दिवसात दोन-तीन न हलणाऱ्या खुंट्या ठोकाव्यात: अभ्यासिकेत नऊला पोचणं, साडेपाचला कुणाबरोबर तरी चालायला जाणं. दुसरा माणूस वाट बघत असला की खुंटी पक्की बसते. फिरतीची नोकरी असेल तर वही दाढीच्या सामानात ठेवावी. ते सामान प्रवासात बरोबर असतंच.

आता सुरुवात कधी? सोमवारी नको, एक तारखेला तर मुळीच नको. नवी तारीख आली की मागून नवं वेळापत्रक येतं. आज रात्री ओटा पुसून झाला की वही उघडा आणि कॅलेंडरवर आजच्या चौकटीत टिंब देऊन टाका. पेन कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवा. घरात पाचवीतला मुलगा आहे, सुटं पेन दोन दिवसही जागेवर राहणार नाही.